तेराव्या वर्षाची भूमिका कोणी करायची?

वयात येणाऱ्या मुलामुलींवर विनोदी चित्रपट किंवा मालिका काढायची म्हटले की निर्मात्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती पात्रनिवडीची. गोष्ट आहे बदलत्या शरीराची, मुरमांची, फुटणाऱ्या आवाजाची, पाळीची, पहिल्या चुंबनाची आणि त्याआधीच्या महिनाभराच्या धास्तीची. पण ज्या वयाची ही गोष्ट आहे त्या वयाच्या मुलाला कॅमेऱ्यासमोर उभे करून तिच्यातले निम्मे प्रसंग चित्रित करता येत नाहीत, आणि करता येऊही नयेत. त्यामुळे या प्रकारातली प्रत्येक कलाकृती काही ना काही युक्ती काढते. कुणी विशीतले नट सोळा वर्षांचे म्हणून खपवतो, कुणी ॲनिमेशनचा आधार घेतो, कुणी खऱ्या वयाची मुलगी घेतो आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलूच देत नाही. संवाद किती चुरचुरीत आहेत, गाणी कशी आहेत, शेवट गोड आहे की कडू, हे सगळे नंतर पाहायचे. निवडलेली युक्ती कोणती यावरच ती कलाकृती मुलांच्या शेजारी बसणार की त्यांच्याकडे बोट दाखवून हसणार हे बहुतांशी ठरून जाते, असे माझे मत आहे आणि या परीक्षणात मी तीच फूटपट्टी लावली आहे.

सर्वांत सोपी वाट म्हणजे मोठ्यांनाच मुले म्हणायचे. १९९९ सालच्या ‘अमेरिकन पाय’ने तेच केले. सुमारे १.१ कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरातून २३ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि पुढची कित्येक वर्षे या प्रकाराचा साचा जणू त्यानेच ठरवून दिला. शाळेच्या शेवटच्या वर्षातले चार मित्र पदवीदानाआधी कौमार्य गमावण्याची शपथ घेतात, एवढेच कथानक. पडद्यावरची शरीरे पूर्ण वाढलेली असल्यामुळे काय दाखवावे याला धरबंध उरत नाही, आणि ज्या अर्धवटपणातून या वयाचा विनोद जन्माला येतो तो अर्धवटपणाच हरवून बसतो. परदेशातून शिकायला आलेली मुलगी कपडे बदलत असताना तिचे चोरून चित्रण करून ते शाळाभर पोहोचवण्याचा प्रसंग त्या काळी टाळ्या घेऊन गेला असेल, पण आज तो बघवत नाही; आणि त्या प्रकारानंतर मायदेशी परत पाठवले जाते ते तिलाच, याचे चित्रपटाला काही वाटतही नाही. चित्रपटात टिकून राहिले आहेत ते यूजीन लेव्हीने रंगवलेल्या वडिलांचे प्रसंग. मुलाशी ‘त्या’ विषयावर बोलायचे ठरवून आलेला, खाकरणारा, मासिके पुढे करणारा, मुलापेक्षा स्वतःच जास्त अवघडलेला हा बाप इतका खरा आहे की बाकीचा चित्रपट त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

‘सुपरबॅड’ (२००७) त्याच घराण्यातला, पण बराच वरच्या दर्जाचा. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग या दोन मित्रांनी त्याची संहिता वयाच्या तेराव्या वर्षी लिहायला घेतली होती, आणि नायकांची नावेही त्यांनी स्वतःचीच ठेवली. भाषा अतिशय शिवराळ आहे, पण ती सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची एकमेकांवर छाप पाडण्याची धडपड म्हणून नेमकी वाटते. ही मुले ज्या गोष्टींबद्दल सर्वांत जास्त बोलतात त्यांतली एकही त्यांनी केलेली नसते. दारू मिळवायची, पार्टीला जायचे, मुली पटवायच्या, असे वरवरचे कथानक पुढे सरकत असताना खाली दुसरीच गोष्ट चाललेली असते. दोघे जिवलग मित्र वेगवेगळ्या महाविद्यालयांत जाणार आहेत आणि त्याचे काय वाटते हे एकमेकांना सांगण्याची त्यांची हिंमत होत नाही. रात्री शेवटी जमिनीवर शेजारी शेजारी झोपून ते आपले एकमेकांवर किती प्रेम आहे हे बरळतात, आणि दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये ज्या मुलींसाठी एवढा आटापिटा केला त्या भेटल्यावर एकमेकांपासून दूर जाताना सरकत्या जिन्यावरून सेथ मागे वळून पाहतो. चित्रपटातला खरा विरह तो आहे. यातल्या फोगेल नावाच्या मुलाचे काम करणारा ख्रिस्तोफर मिंट्झ-प्लास त्या वेळी खरोखरच सतरा वर्षांचा होता, म्हणून त्याच्या जवळिकीच्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला त्याच्या आईला हजर राहावे लागले. सगळा चित्रपट मोठेपणाची बतावणी करणाऱ्या मुलांविषयी आहे हे लक्षात घेता, पडद्यामागचा हा प्रसंग पडद्यावरच्या अनेक प्रसंगांपेक्षा सरस ठरावा.

आता ज्या मालिकेने ही अडचण उलटी करून तिचेच भांडवल केले तिच्याकडे वळतो. ‘पेन फिफ्टीन’ ही २०१९ ते २०२१ या काळातली, दोन पर्वांची आणि एकूण पंचवीस भागांची मालिका. माया अर्स्किन आणि ॲना कॉंकल या तिशी ओलांडलेल्या दोघींनी सॅम झ्विबलमन यांच्यासह ती निर्माण केली, आणि त्या दोघींनी स्वतःच स्वतःच्या तेराव्या वर्षाच्या भूमिका केल्या. काळ २००० सालचा, इयत्ता सातवी. त्यांच्या भोवतीची बाकीची सगळी मुले मात्र खरोखरच त्या वयाची आहेत. कागदावर वाचले तर ही कल्पना एखाद्या स्नेहसंमेलनातल्या दहा मिनिटांच्या प्रहसनापुरती वाटते आणि पहिल्या भागाची सुरुवातीची काही मिनिटे तसेच वाटत राहते. नंतर मात्र कधी तरी आपण त्यांचे वय विसरतो, आणि विसरलो आहोत हे त्यांच्या शेजारी एखादा खरा तेरा वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला की ध्यानात येते.

ही युक्ती इतकी चालते याचे कारण केवळ उत्तम नक्कल हे नाही. दातांची तार, वाटी ठेवून कापल्यासारखे केस, खांदे आत ओढून चालणे, हसताना ओठ मिटून घेणे, हे सगळे आहेच, आणि ते विलक्षण बारकाईने केलेले आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे या दोघी आपल्या वर्गात खरोखरच विजोड दिसतात. त्या इतरांपेक्षा थोराड आहेत, त्यांचे हातपाय कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नाही, सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे त्यांना वाटते, आणि प्रेक्षक या नात्याने आपण खरोखरच त्यांच्याकडे पाहत असतो. तेराव्या वर्षी आपले शरीर आपल्याला जसे परके आणि अवाढव्य वाटते तसे ते इथे शब्दशः पडद्यावर येते. या वयाच्या मुलीने हीच भूमिका केली असती तर ती गोड दिसली असती, आणि गोड दिसणे हेच या विषयाला सर्वांत घातक आहे.

दुसरा लाभ नैतिक स्वरूपाचा आहे. या दोघींच्या वाट्याला जे येते ते प्रौढ अभिनेत्रींच्या वाट्याला येते, म्हणून एरवी कोणत्याही बालकलाकाराकडून करून घेता येणार नाही अशा विषयांत मालिका निर्धास्तपणे शिरते. समोरचा मुलगा खरोखरच अल्पवयीन असेल तेव्हा चुंबनासारख्या प्रसंगी त्याच्या जागी प्रौढ बदली कलाकार वापरून आणि कॅमेऱ्याचा कोन सांभाळून काम भागवले आहे. एका भागात मायाला स्वतःच्या शरीराचा शोध लागतो आणि लगेचच दिवंगत आजोबा आपल्याला पाहत असणार या भीतीने तिची गाळण उडते. तो भाग पाहताना हसू आवरत नाही, पण त्यातली अपराधी भावना इतकी ओळखीची आहे की हसणे अर्ध्यावर अडकते. मायाच्या आईची भूमिका अर्स्किनच्या सख्ख्या आईने, मुत्सुको अर्स्किन यांनी केली आहे, आणि मायलेकींमधल्या कुरबुरींना जी धार आहे ती अभिनयाने सहजी येणारी नव्हे.

या मालिकेतला एक भाग मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. शाळेच्या प्रकल्पासाठी काही मुली एका लोकप्रिय गायिकासमूहाच्या वेषात चित्रफीत तयार करत असतात. कोणी कोणती गायिका व्हायचे याची वाटणी होते आणि जपानी आईच्या पोटी जन्मलेल्या मायाला, ती बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते म्हणून, शेवटी त्यांच्या नोकराची भूमिका मिळते. माया काय करते? ती नोकराचे काम झोकून देऊन करते, वाकड्यातिकड्या हालचाली करते, मुलींना खदाखदा हसवते, कारण हसवले की आपण त्यांच्यातलेच ठरतो हा हिशेब त्या वयात पक्का असतो. ॲना हे सगळे पाहते, तिला काही तरी खुपते, पण ती गप्प बसते आणि त्यांच्यात सामील होते. हा प्रकार काय होता हे मायाला नंतर तिचा थोरला भाऊ समजावून सांगतो. अपराधी वाटू लागलेली ॲना मग वंशभेदाविरुद्ध जी आवेशपूर्ण मोहीम उघडते तिच्यात मायाला काय वाटते हे विचारायचेच राहून जाते. मैत्रीत झालेली जखम आणि ती भरून काढण्याचा तितकाच बालिश प्रयत्न, दोन्ही एकाच भागात, कुठेही उपदेश न करता मांडले आहेत. या प्रकारातल्या मैत्रीच्या चित्रणांत मी याला पहिला क्रमांक देईन.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. दुसऱ्या पर्वाच्या उत्तरार्धात ॲनाच्या आईवडिलांच्या विभक्त होण्याचा भार वाढत जातो, भाग लांबतात आणि काही ठिकाणी विनोद नुसता तोंडी लावण्यापुरता उरतो. शिवाय दुसऱ्याची फजिती पाहताना ज्यांच्या स्वतःच्याच अंगावर काटा येतो अशा प्रेक्षकांनी एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग पाहू नयेत.

याच्या अगदी उलट टोकाला बो बर्नहॅम यांचा ‘एट्थ ग्रेड’ (२०१८) हा चित्रपट आहे. इथे आठवीतल्या केलाची भूमिका करणारी एल्सी फिशर चित्रीकरणाच्या वेळी चौदा वर्षांची होती आणि तिने स्वतः नुकतीच आठवी संपवली होती. तिच्या चेहऱ्यावरची मुरुमे रंगभूषेने झाकलेली नाहीत. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण या प्रकारातले किती तरी चित्रपट पाहिल्यानंतर पडद्यावर खरी त्वचा दिसली की दचकायला होते. केला इंटरनेटवर ‘आत्मविश्वास कसा मिळवावा’ अशा विषयांवर चित्रफिती टाकते, ज्या जवळपास कुणीच पाहत नाही, आणि शाळेत मात्र तिला ‘सर्वांत गप्प मुलगी’ म्हणून निवडले जाते. ती बोलताना अडखळते, वाक्य अर्धे सोडते, पुन्हा सुरू करते, ‘म्हणजे असं की’ या वळणाचे शब्द पेरत राहते. संहितेत हे अडखळणे लिहिणे किती कठीण आहे हे ज्याने कधी संवाद लिहिले आहेत त्याला कळेल.

बर्नहॅम यांची युक्ती अशी की बाहेरून पाहता काहीच घडत नाही आणि ध्वनी मात्र भयपटाचा वापरायचा. वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला केलाला बोलावणे येते, तेही त्या मुलीच्या आईच्या आग्रहाखातर. पोहण्याचा पोशाख घालून ती स्नानगृहात थांबते, श्वास लागतो, मग काचेच्या दारापाशी येऊन बाहेर तलावाजवळ दंगा करणाऱ्या मुलांकडे पाहत राहते आणि अखेर दार उघडून चालत जाते. एवढेच. पण ॲना मेरेडिथ यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत अशा काही जोराने कोसळते की पन्नास पावलांचे ते अंतर रणांगण वाटू लागते. कॅमेरा तिच्या शरीराकडे न पाहता तिच्याबरोबर चालतो. हा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

मोटारीतल्या प्रसंगात विनोद पूर्णपणे थांबतो. वयाने मोठा मुलगा केलाला घरी सोडायला निघतो, वाटेत गाडी थांबवून मागच्या सीटवर येतो आणि ‘सत्य की धाडस’ या खेळाच्या आडून तिच्यावर दबाव आणू लागतो. ती नाही म्हणते, आणि मग माफी मागते ती तीच. तो चिडतो, ‘तुला अनुभव मिळावा म्हणूनच करत होतो’ असा सूर लावतो, आणि ती पुन्हा पुन्हा क्षमा मागत राहते. काहीही ‘न घडता’ केवढे घडले हे चित्रपट बोलून दाखवत नाही. पुढे वडिलांबरोबर घराच्या मागच्या अंगणात शेकोटीपाशी बसून केला विचारते की माझ्यासारखी मुलगी असल्याचे तुम्हाला वाईट वाटते का. जॉश हॅमिल्टन यांनी या प्रसंगात जे केले आहे ते पाहून मघाच्या खाकरणाऱ्या बापाची आठवण होते; वीस वर्षांत या प्रकाराने वडिलांना तरी खूप काही शिकवले म्हणायचे.

या चित्रपटाच्या नशिबी आलेला एक विरोधाभास सांगण्याजोगा आहे. मुख्यतः भाषेमुळे त्याला अमेरिकेत ‘आर’ श्रेणी मिळाली, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाला पालक किंवा प्रौढ सोबत असल्याशिवाय तो पाहता येईना. आठवीतल्या मुलीवरचा चित्रपट आठवीतली मुलगी मैत्रिणींबरोबर जाऊन पाहू शकत नाही! तेव्हा ए ट्वेंटीफोर या वितरक संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये एका दिवशी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत एकेका चित्रपटगृहात वयाची अट न लावता विनामूल्य खेळ ठेवले. ज्या शिव्या ती मुले शाळेच्या व्हरांड्यात रोज ऐकतात त्याच शिव्यांपासून त्यांचे रक्षण करणारी ही श्रेणी, आणि तिच्यावर काढलेला हा तोडगा, दोन्ही चित्रपटात शोभले असते.

खऱ्या वयाची अभिनेत्री घेतली म्हणजे सगळे साधते असे मात्र नाही. जॉन ह्यूजेस यांच्या ‘सिक्स्टीन कॅंडल्स’मध्ये (१९८४) मॉली रिंगवाल्डने सोळा वर्षांच्या मुलीचे काम केले तेव्हा ती स्वतः पंधरा वर्षांची होती, आणि घरचे सगळे आपला वाढदिवस विसरले हे कळल्यावरचा तिचा चेहरा आजही ताजा वाटतो. पण त्याच चित्रपटात शुद्धीवर नसलेल्या प्रेयसीला दुसऱ्या मुलाच्या हवाली करणे हा विनोदाचा विषय होतो, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या प्रत्येक प्रवेशाला मागे घंटेचा टोला वाजतो. रिंगवाल्ड यांनीच २०१८ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये लेख लिहून या चित्रपटांकडे नव्याने पाहिले. नायिकेविषयी इतका हळवा असलेला दिग्दर्शक बाकीच्या मुलींविषयी इतका बेफिकीर कसा, हा प्रश्न चित्रपट पाहताना सतत टोचत राहतो.

तिसरी वाट ॲनिमेशनची. ‘बिग माउथ’ २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये आठव्या पर्वानंतर संपली. निक क्रोल आणि अँड्र्यू गोल्डबर्ग हे बालमित्र तिच्या निर्मात्यांपैकी दोघे, आणि मुख्य दोन मुलांची नावे त्यांचीच आहेत. वयात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खनपटीला बसलेला एक केसाळ ‘हार्मोन राक्षस’ ही कल्पना सुरुवातीला फार मौजेची वाटते, आणि दुसऱ्या पर्वात आलेला ‘लाजेचा जादूगार’ तर त्याहून सरस आहे. मनाच्या कोपऱ्यात बसून ‘तू वाईट आहेस’ असे कुजबुजणाऱ्या आवाजाला त्याने चेहरा दिला. पहिल्या पर्वात जेसीला शाळेच्या सहलीत, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी, पांढरी चड्डी घातलेली असताना पहिल्यांदा पाळी येते, तो भाग आवर्जून पाहण्यासारखा आहे. पण चित्रात काहीही दाखवता येते याची चटक लागली की थांबायचे कुठे हे कळेनासे होते. शेवटच्या पर्वांत राक्षसांची संख्या वाढत गेली आणि मुले मागे पडली. किळसवाण्या विनोदाची मात्रा तर मला पहिल्यापासूनच जास्त वाटली.

डोमी शी यांचा ‘टर्निंग रेड’ (२०२२) त्याच माध्यमात पण पूर्ण वेगळ्या संयमाने काम करतो. पिक्सार या ॲनिमेशन संस्थेचा एकाच स्त्रीने एकटीने दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. २००२ सालच्या टोरोंटोतली तेरा वर्षांची मेइलिन भावना अनावर झाल्या की प्रचंड लाल पांडा बनते. केस, वास, आकार, सगळेच हाताबाहेर गेल्याची ही कल्पना इतकी उघड आहे की ती फोडून सांगायची गरज नाही, आणि चित्रपटही फारशी सांगत नाही. मेइलिनला तात्पुरता आवाज देण्यासाठी रोझाली चिआंगला बोलावले होते तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढे तिचाच आवाज कायम ठेवला गेला. उत्साहाने चिरकणारा, मधेच फाटणारा तो आवाज चित्रपटाचा अर्धा प्राण आहे.

आईचे पात्र मात्र या सगळ्यांत अविस्मरणीय. मुलीच्या वहीत दुकानातल्या पोराची चित्रे सापडल्यावर ती थेट मुलीला घेऊन त्या दुकानात जाते आणि इतर गिऱ्हाइकांसमोर ती वही त्याच्या तोंडापुढे धरते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात झाडामागे लपून मुलीवर नजर ठेवते, सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालते आणि वर्गाच्या खिडकीतून सॅनिटरी पॅडचे पाकीट उंचावून दाखवते. हा प्रसंग मुलांसाठीच्या चित्रपटात आला याचे काही पालकांना वावडे वाटले. त्यात वावगे काय आहे हे मला समजलेले नाही. चित्रपटातला सर्वांत सुंदर तपशील मात्र फार हळू आवाजात येतो. पांडाला आवर घालायचा तर आपण ज्यांच्यावर सर्वांत जास्त प्रेम करतो त्यांचा विचार करायचा. मेइलिन आईला सांगते की मी तुझा विचार करते. प्रत्यक्षात ती आपल्या तीन मैत्रिणींचा विचार करत असते. ते खोटे बोलणे म्हणजेच तिचे मोठे होणे, असे चित्रपट सुचवतो आणि पुढे जातो. शेवटची मैदानातली राक्षसी हाणामारी त्यामानाने नेहमीची आणि लांबलेली आहे.

मराठीत रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ने (२०१३) याच अडचणीतून आपला मार्ग काढला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. ऐंशीच्या दशकातल्या चाळीतली मुले मोठ्यांना विचारून उत्तर मिळत नाही म्हणून चोरून ‘तसली’ व्हिडिओ कॅसेट आणतात. कॅसेटमध्ये काय आहे यापेक्षा ती पाहणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवर काय उमटते आहे यात दिग्दर्शकाला रस आहे, आणि ‘पडदा पाहणारी मुले’ हाच चित्रपटाचा पडदा होतो. प्रथमेश परबचा सर्वज्ञ विशू हा ‘सुपरबॅड’च्या नायकांचा सख्खा भाऊ शोभावा. मात्र या चित्रपटाला शेवटी पालकांसाठी धडा द्यावासा वाटतो, आणि पडद्यावरच्या जाणत्या गृहस्थाने सगळे उलगडून सांगितल्यावर मुलांनी आधी केलेल्या धमाल चुकांची चव थोडी उतरते. तेवढा भाग कमी केला असता तर हा चित्रपट कुठल्याही भाषेतल्या उत्तम उदाहरणांच्या पंक्तीत बसला असता.

‘सेक्स एज्युकेशन’ (२०१९ ते २०२३, चार पर्वे) नटांच्या वयाच्या बाबतीत जुन्याच वाटेने जाते. सोळा वर्षांच्या ओटिसचे काम करणारा एसा बटरफील्ड तेव्हा एकवीसच्या आसपास होता आणि एरिकचे काम करणारा शूटी गॅटवा पंचविशीत. तरीही ‘अमेरिकन पाय’चे दोष तिच्यात फारसे का नाहीत याचे एक कारण व्यावहारिक आहे. जवळिकीचे प्रसंग कसे चित्रित करायचे, कुठे हात ठेवायचा, कुठे नाही, हे आधी नटांशी बोलून ठरवण्यासाठी इटा ओब्रायन यांच्यासारख्या तज्ज्ञ समन्वयक चित्रीकरणाशी जोडलेल्या होत्या. नृत्याप्रमाणे आधी बसवलेल्या या प्रसंगांत अवघडलेपणा पात्रांचा राहतो, नटांचा नाही, आणि त्यामुळेच त्यांत विनोद मोकळेपणाने येतो.

दुसऱ्या पर्वातला बसचा प्रसंग या मालिकेचा कळस आहे. एमी नावाच्या विद्यार्थिनीशी बसमध्ये एका अनोळखी पुरुषाने घाणेरडा प्रकार केलेला असतो. ती हसण्यावारी नेते, पण त्यानंतर बसमध्ये चढायचे तिचे धाडसच होत नाही आणि ती रोज शाळेपर्यंत चालत जाते. शिक्षा म्हणून एकत्र डांबलेल्या, एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या सहा मुलींना ‘तुम्हा सगळ्यांत समान काय आहे ते शोधा’ असे सांगितले जाते, आणि शोधायला गेल्यावर जे सापडते ते हेच. दुसऱ्या दिवशी बस थांब्यावर त्या सगळ्या एमीसाठी उभ्या असतात आणि तिच्यासोबत बसमध्ये चढून मागच्या रांगेत बसतात. कुणी भाषण करत नाही. एमीचे काम करणाऱ्या एमी लू वुड यांना या मालिकेतल्या कामासाठी २०२१ मध्ये बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला, तो या एका प्रसंगासाठी दिला असता तरी चालले असते. चौथ्या पर्वाबद्दल मात्र फार बोलण्यासारखे नाही. शाळा बदलली, पात्रांची गर्दी झाली आणि प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून दिल्यासारखे झाले.

राहता राहिले पहिले प्रेम. आश्चर्य असे की या सगळ्यांत ते सर्वांत दुबळे आहे, आणि ज्या कलाकृतींना ते दुबळे आहे हे ठाऊक आहे त्याच इथे वरचढ ठरतात. केलाला आवडणारा मुलगा पडद्यावर येताच संगीत दणाणू लागते, पण तो तोंड उघडतो तेव्हा त्याच्याकडे बोलण्यासारखे काहीच नसते. मेइलिनच्या वहीतला तो दुकानदार पोरगा प्रत्यक्षात निव्वळ झोपाळू दिसतो. ‘पेन फिफ्टीन’मधली माया संगणकावरच्या गप्पांतून एका अनोळखी मुलाच्या प्रेमात पडते, म्हणजे जवळजवळ स्वतःच लिहिलेल्या मुलाच्या. याउलट ‘एट्थ ग्रेड’मध्ये गेब नावाचा, पाण्याखाली श्वास रोखून दाखवणारा एक किडकिडीत मुलगा केलाला घरी जेवायला बोलावतो आणि तळलेल्या चिकनबरोबर कोणकोणते सॉस मांडले आहेत हे तिला मोठ्या अदबीने दाखवतो. त्या जेवणाला कोणी प्रेम म्हणणार नाही. पण केला तिथे पहिल्यांदा न अडखळता बोलते.

कुणी काय पाहावे हेही सांगून ठेवतो. ‘टर्निंग रेड’ नऊ-दहा वर्षांच्या मुलांबरोबर बसून बिनधास्त पाहता येईल. पॅडविषयी प्रश्न येतील, त्यांची उत्तरे तयार ठेवावीत. ‘एट्थ ग्रेड’ तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना अवश्य दाखवावा, मात्र मोटारीतला प्रसंग आधी स्वतः पाहून घ्यावा आणि तो चालू असताना खोलीतून उठून जाऊ नये. ‘सेक्स एज्युकेशन’ मोठ्या मुलांसाठी, पहिली दोन पर्वे पुरेशी. ‘पेन फिफ्टीन’ खरे तर मोठ्यांसाठीच आहे; तेरा वर्षांच्या मुलाला तिच्यातल्या अर्ध्या गोष्टींत हसण्यासारखे काय आहे हे कळणार नाही. ‘बिग माउथ’ आईवडिलांनी मुलांसोबत बसून पाहण्याच्या फंदात मात्र पडू नये. दोघांनी आपापल्या खोलीत, आपापल्या वेळी पाहावी आणि पाहिल्याचे एकमेकांना सांगू नये.